दीर्घायुष्य आणि मनुष्याचें मन

(गगनबावडा येथें महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशीं वृद्धांच्या सत्काराप्रसंगीं केलेलें भाषण)



काल मिस्सा आटोपल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर एक लहानसा प्रसंग घडला. एक तरुण नव्वदीच्या घरांतील एका आजीबाईंच्या पायां पडला, आणि रीतीप्रमाणें त्यांनीं त्यास "शंभर वर्षांचा हो" असा आशीर्वाद दिला. जवळच तितक्याच वयाचे एक आजोबा काठीवर भार देऊन उभे होते. ते म्हणाले, "अगं, त्या पोरानं तुझं काय वंगाळ केलंय, म्हणून त्याला असलं देतीस?" सर्वजण हंसले. आम्हीहि हंसलों. परंतु रात्रीं अंथरुणावर पडल्यावर तें वाक्य आमच्या मनांतून जाईना. शंभर वर्षें हा आशीर्वाद कीं शिक्षा? शरीराचें काय होतें तें सर्वांस दिसतें. गुडघे बोलूं लागतात, दांत रजा घेतात, डोळ्यांवर पडदा येतो. मनाचें काय होतें? शंभर, एकशेंदहा, एकशेंवीस वर्षें चाललेलें मन तेंच राहतें, कीं झिजून दुसरेंच कांहीं होतें?

आज बोलावयाचें म्हणून दुसरा एक विषय आम्हीं तयार करून आणला होता. तो बाजूस ठेवून ह्याच प्रश्नाविषयीं दोन शब्द सांगण्याची परवानगी आम्ही मागतों. आम्ही वैद्य नव्हे. सारा जन्म मुलांस अक्षरें गिरवावयास लावण्यांत गेला, आणि आतां पंचाहत्तरी उलटल्यावर ओळखीच्या माणसाचें नांव ओठांवर येऊन अडतें, तेव्हां आंत कोठें तरी भीति वाटते. तेव्हां हा विषय आमच्याहि घरचा आहे असें समजावें.

प्रथम पवित्र शास्त्राकडे वळूं. उत्पत्तीच्या पुस्तकांत मथुशलहाचें वय ९६९ वर्षें सांगितलें आहे. एवढ्या आयुष्यांत त्याच्या मनाची काय अवस्था झाली, ह्याविषयीं तेथें अक्षरहि नाहीं. त्यास मुलेंमुली झालीं आणि तो मरण पावला, इतकेंच. स्तोत्रकार मात्र माणसाची मर्यादा सत्तर, बळ असल्यास ऐशीं वर्षें धरतो. मोशे १२० वर्षांचा होऊन वारला तेव्हां त्याची दृष्टि मंदावली नव्हती असें लिहिलें आहे. उलट इसहाकाचे डोळे गेले आणि त्याच्या पोटच्या मुलानेंच त्याला फसविलें. परंतु ह्या सर्वांहून आम्हांस जवळचा वाटतो तो शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकांतील गिलादी बर्जिल्लय.

त्याची गोष्ट मिस्सामध्यें फारशी कानीं पडत नाहीं, म्हणून थोडक्यांत सांगतों. अबशालोमानें बंड केलें तेव्हां दावीद राजा पळून महनाइमास राहिला होता. त्या वाईट दिवसांत ह्या म्हाताऱ्यानें त्यास अन्नधान्य पुरविलें. पुढें राजा जिंकून परत निघाला तेव्हां म्हणाला, माझ्याबरोबर यरुशलेमास चल, मी तुला पोसीन. बर्जिल्लयानें नम्रपणें नकार दिला. माझें वय ऐशीं झालें, खाल्ल्याप्याल्याची चव मला कळत नाहीं, गाणारांचा आवाज मला ऐकूं येत नाहीं, मग मी राजाला ओझें कां व्हावें, असा त्याच्या बोलण्याचा भाव आहे. आईबापांच्या कबरेजवळ, आपल्या गांवांत मरण यावें, एवढीच त्याची इच्छा. आणि आपल्याऐवजीं त्यानें किम्हाम नांवाच्या तरुणास राजाबरोबर पाठविलें. आतां पाहा, चव गेली, कान गेले, असें तो स्वतःच सांगतो. पण हें सांगणारें मन किती निवळ आहे! स्वतःची मर्यादा, राजाचें मन, तरुणाचा लाभ, हें सर्व त्यास एकाच वेळीं दिसत आहे. ओझें होण्याची त्याची भीति मात्र आजहि प्रत्येक घरांतील म्हाताऱ्याच्या तोंडीं असते.

परंतु दृष्टांतासाठीं गिलादापर्यंत जाण्याचें कारण नाहीं. आमच्या ह्याच सह्याद्रीच्या पायथ्याशीं, घाटाखालच्या कोंकणांत, दीर्घायुषी माणसें झालीं आहेत. वेदांचे प्रसिद्ध पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर हे सावंतवाडीजवळच्या कोलगांवचे. त्यांचा जन्म १८६७ चा व मृत्यु १९६८ चा. आरंभीं ते चित्रकार होते. वेदग्रंथ छापण्याचें मोठें काम त्यांनीं पुढें उतारवयांत चालविलें. पुण्याचे प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर, क्रिकेटचे खेळाडू, हे १८९२ ते १९९३ असे १०१ वर्षें जगले. पण सर्वांत अधिक बोध होतो तो महर्षि धोंडो केशव कर्वे ह्यांच्या चरित्रापासून.

कर्वे १८५८ सालच्या एप्रिलांत रत्नागिरी जिल्ह्यांतील शेरवली येथें जन्मले आणि १९६२ सालच्या नोव्हेंबरांत, वयाच्या १०५ व्या वर्षीं, पुण्यास वारले. पोरवयांत ते सहावीच्या सरकारी परीक्षेसाठीं मुरुडहून साताऱ्यास डोंगर तुडवीत पायीं गेले. तेथें परीक्षकानें त्यांच्या किरकोळ अंगलोटाकडे पाहून, तुझें वय सतरा वर्षांचें दिसत नाहीं, असें म्हणून त्यांस परत पाठविलें. पुढें जो माणूस शंभरी ओलांडणार होता, त्याला पहिली मोठी निराशा वय कमी दिसल्याबद्दल पदरीं आली! ही गोष्ट आम्ही वर्गांत सांगत असूं तेव्हां मुलें खदखदून हंसत असत.

त्यांच्या कामाच्या तारखा मात्र मुद्दाम लक्षांत घ्याव्यात. विधवांसाठीं आश्रम १८९६ सालीं, स्त्रियांचें विद्यापीठ १९१६ सालीं. येथपर्यंत वय अठ्ठावन्न. सामान्य मनुष्य येथें थांबतो. त्यानंतर एकाहत्तराव्या वर्षीं ते परदेशच्या प्रवासास निघाले. १९३६ सालीं, म्हणजे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं त्यांनीं मंडळ काढलें, आणि १९४४ सालीं, शहाऐशीं वर्षांचे असतां, समता संघ स्थापिला. १९५८ सालीं त्यांस भारतरत्न हा बहुमान मिळाला तेव्हां वय शंभर. हें सर्व लोक कौतुकानें सांगतात. पण ह्याच आयुष्याची दुसरी एक यादी आहे, ती फारसा कोणी वाचीत नाहीं. पहिली पत्नी राधाबाई १८९१ सालीं गेली. दुसरी पत्नी आनंदीबाई, जिला सर्वजण बाया म्हणत, सत्तावन्न वर्षांच्या संसारानंतर १९५० सालीं गेली. ज्येष्ठ पुत्र रघुनाथराव १९५३ सालीं गेले, तेव्हां पिता पंचाण्णव वर्षांचा होता. शंभर वर्षांचा आशीर्वाद देतांना ही दुसरी यादीहि त्याबरोबर दिली जाते, हें त्या आजोबांना ठाऊक असावें.

असो. थोर पुरुषांच्या उदाहरणांवरून सर्वांविषयीं अनुमान काढणें धोक्याचें असतें. त्यांच्यापाशीं काम होतें, भोंवतीं माणसें होतीं. तेव्हां शास्त्रज्ञांनीं ह्या बाबतींत काय पाहिलें आहे तें पाहूं.

आजवर ज्यांच्या वयाची कागदपत्रांवरून नीट पडताळणी झाली आहे, त्यांत सर्वांत दीर्घायुषी ठरली ती फ्रान्समधील आर्ल गांवची झान काल्माँ. ती १८७५ सालीं जन्मली व १९९७ सालीं, १२२ वर्षांची होऊन, वारली. कांहीं रशियन संशोधकांनीं २०१८ सालीं तिच्या वयाविषयीं शंका काढली, परंतु बहुतेक जाणत्यांनीं ती मान्य केली नाहीं. ती ११८ वर्षांची असतां तिच्या बुद्धीची परीक्षा कित्येक महिने घेण्यांत आली. डोळे व कान जवळजवळ गेले होते. तरी तिची शब्दांची आठवण आणि भाषा ऐशीं-नव्वद वर्षांच्या शिकलेल्या माणसांच्या तोडीची होती. हॉलंडमधील हेंड्रिक्ये व्हान आंदेल ही दुसरी बाई. बयाऐशींव्या वर्षीं तिनें आपला देह मरणोत्तर शास्त्रासाठीं देण्याचें पत्र लिहून दिलें. मग ती मरेचना! एकशेंअकराव्या वर्षीं तिनेंच डॉक्टरांकडे विचारणा केली, माझा देह अजून तुमच्या उपयोगी पडेल ना? एकशेंबाराव्या व तेराव्या वर्षीं तिची परीक्षा झाली, तेव्हां तिचें मन साठ ते पंचाहत्तर वयाच्या निरोगी माणसांच्या सरासरीहून सरस ठरलें. २००५ सालीं, ११५ वर्षांची होऊन, ती वारली. मेंदू तपासला तों त्यांत अल्झायमर रोगाच्या खुणा नाहींच म्हटल्या तरी चालेल.

ह्यावरून एवढें निश्चित होतें कीं, वय आणि मतिभ्रंश हीं एकाच वस्तूचीं दोन नांवें नव्हेत. वय वाढतें तसें मन हळू चालूं लागतें, नवें नांव चटकन् चिकटत नाहीं, दोन कामें एकदम साधत नाहींत. हें सर्वांचेंच होतें, आणि त्याची सुरुवात तरुणपणींच होते. पण शब्दांचें भांडार, माणसांची पारख, जन्मभर केलेल्या कामाचें ज्ञान, हीं फार काळ टिकतात. रोग ही वेगळी गोष्ट आहे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणें भारतांत साठीपुढील लोकांत शेंकडा सुमारें ७.४ जणांस स्मृतिभ्रंश आहे; संख्येनें सुमारें ८८ लाख. हा आंकडा लहान नव्हे, आणि वयाबरोबर तो झपाट्यानें वाढतो. तरी शंभरांतील नव्वदांहून अधिकांस तो नाहीं. म्हातारपण आलें कीं डोकें फिरायचेंच, असें म्हणून उपचाराशिवाय स्वस्थ बसणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आतां एक हकीगत सांगतों, ती आमच्या धर्मभगिनींच्या विशेष आवडीची होईल. अमेरिकेंत डेव्हिड स्नोडन नांवाच्या संशोधकानें नोत्र दामच्या शिक्षिका भगिनींच्या संघांतील ६७८ भगिनींचा अभ्यास केला. सर्व पंचाहत्तरीपुढच्या. त्या दरवर्षीं बुद्धीच्या व शरीराच्या परीक्षेस बसत, आणि मृत्यूनंतर आपला मेंदू अभ्यासासाठीं देण्याचें सर्वांनीं कबूल केलें होतें. संशोधकास भगिनींचीं जीवनें सोयीचीं पडलीं, कारण त्यांचें अन्न, घर, काम हें जवळजवळ सारखें. म्हणून भेद कशानें पडतो तें पाहणें सोपें. मठाच्या दप्तरांत त्यास एक खजिना सांपडला. व्रत घेण्यापूर्वीं, बाविशीच्या सुमारास, ह्या मुलींनीं आपलें लहानसें आत्मवृत्त स्वहस्तें लिहून दिलें होतें. तीं जुनीं पानें साठ वर्षांनंतर तपासलीं तेव्हां असें दिसलें कीं, ज्यांच्या वाक्यांत विचारांची दाटी होती त्यांच्यापैकीं फार थोड्यांस पुढें स्मृतिभ्रंश झाला. ज्यांचीं वाक्यें विरळ होतीं त्यांस अधिक झाला. आणि ज्यांच्या पानांत आनंद, कृतज्ञता असे भाव जास्त, त्या सरासरीनें अधिक वर्षें जगल्या. ह्यावरून कोणी आपल्या नातवंडांस लांब वाक्यें लिहावयास बसवूं नये! कारण कोणतें आणि कार्य कोणतें, हें अजून वादाचेंच आहे.

त्या भगिनींपैकीं एकीला लेखांत सिस्टर मेरी म्हटलें आहे. ती १०१ वर्षांची होऊन वारली. मरणापूर्वींच्या परीक्षांत तिनें उत्तम गुण मिळविले होते. परंतु तिचा मेंदू उघडला तों त्यांत अल्झायमरच्या गांठी व डाग भरपूर आढळले. म्हणजे रोग घरांत शिरून बसला होता आणि घरधनीण आपलें काम पूर्ववत् करीत होती. असें कां व्हावें, ह्याचें पुरतें उत्तर कोणापाशींहि नाहीं. शिक्षण, सततचा मनोव्यापार आणि माणसांचा सहवास ह्यांनीं मेंदूस कांहीं शिल्लक गांठीं बांधतां येते, असा पुष्कळांचा कयास आहे.

पण समजा, शरीर व मेंदू दोन्ही निरोगी राहिले आणि मनुष्य तीनशें वर्षें जगला, तर? आपल्याकडे अश्वत्थाम्याची कथा आहे. चिरंजीवपण त्यास शाप म्हणून मिळालें, आणि वाहती जखम घेऊन तो तेल मागत हिंडतो असें लोक सांगतात. (आणि आपण मुलांच्या नांवामागें हौसेनें चि. लावतों!) इंग्रज लेखक स्विफ्ट ह्यानें १७२६ सालीं गलिव्हरच्या प्रवासांत न मरणाऱ्या माणसांचें एक विलक्षण चित्र काढलें आहे. नव्वदीनंतर त्यांस आप्तमित्रांचीं नांवें आठवत नाहींत; वाचतां येत नाहीं, कारण वाक्याच्या शेवटास पोहोंचेपर्यंत त्याचा आरंभ विसरलेला असतो. पण खरी भयंकर गोष्ट पुढें आहे. देशाची भाषा सारखी बदलत जाते, त्यामुळें दोनशें वर्षांनंतर त्यांचें बोलणें शेजाऱ्यांस समजत नाहीं, आणि ते आपल्याच देशांत परके होऊन बसतात. ह्या लेखकाच्या स्वतःच्या मनाचाहि शेवटच्या वर्षांत ऱ्हास झाला, ही दैवाची थट्टाच म्हणावयाची.

परके होण्यास दोनशें वर्षें लागत नाहींत, हें आम्हीं आपल्या घरांत पाहिलें. तें सांगण्यासाठींच खरें म्हणजे आम्ही येथें उभे आहों.

आमच्या वडिलांची धाकटी बहीण, जिला आम्ही आत्ती म्हणत असूं, ती १९१९ सालीं जन्मली व २०१६ सालीं, सत्त्याण्णव वर्षांची होऊन, देवाघरीं गेली. तिच्या लहानपणीं कोल्हापुरास छत्रपतींचें राज्य होतें आणि गगनबावड्यास पंत अमात्यांची जहागीर होती. संस्थान १९४९ सालीं विलीन झालें. नवे पैसे १९५७ सालीं आले. आत्ती शेवटपर्यंत आण्यांतच हिशेब करी, आणि चार आण्याची साखर आणावयास पाठवी. धान्य मोजतांना पायली. मिस्सा तिच्या लेखीं लॅटिनमध्येंच व्हावयाची; महासभेनंतर ती लोकांच्या भाषेंत होऊं लागली तेव्हां ती पन्नाशीच्या आसपास होती. एकेक करून तिच्या पिढीचीं सर्व माणसें गेलीं, आणि जें तिला ठाऊक होतें तें ज्याला ठाऊक आहे असें घरांत कोणी उरलें नाहीं. आठवण ही एकट्याची मिळकत आहे असें आपण समजतों. पण ती सामाईक जमिनीसारखी आहे; दुसरे वाटेकरी गेले म्हणजे बांध कोठें होता तें सांगणारा राहत नाहीं.

नव्वदीनंतर तिची स्मृति ढळूं लागली. संध्याकाळ झाली, दरींतून धुकें वर आलें, कीं ती उंबऱ्यावर येऊन बसे आणि विचारी, "दादा आला का रं?" दादा म्हणजे आमचे वडील. ते १९९८ सालीं वारले होते. आम्ही सत्यवादी शाळामास्तर! आम्हीं तिला सांगावें, "आत्ती, दादा कधीच गेला. त्याला मातीहि तूंच दिलीस." ती चकित होऊन आमच्याकडे पाही, आणि मग रडे. खरोखर, नुकतीच बातमी आल्यासारखी रडे. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तोच प्रश्न, तेंच उत्तर, तेंच रडणें. दोन वर्षांच्या काळांत आम्हीं तिच्या भावाला तिच्यापुढें कित्येक वेळां मारलें ह्याची गणती नाहीं. आणि पाहुणे आले कीं तिला आंतल्या खोलींत बसवून दार ओढून घेत होतों, कारण ती भलतेंच बोलेल अशी लाज वाटे. हें आज ह्या मंडपांत सांगतांनाहि आमची मान वर होत नाहीं.

एकदां रुग्णसेवा केलेल्या एक वयस्क धर्मभगिनी घरीं आल्या होत्या. आत्तीनें त्यांच्यादेखत तो प्रश्न केला, आणि आम्हीं आमचें ठरलेलें उत्तर दिलें. भगिनींनीं आम्हांस एक शब्दहि लावला नाहीं. त्या आत्तीजवळ जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "दादाची आठवण आली होय? कसा होता हो दादा?" आत्ती बोलूं लागली. दादानें तिला ताप आला असतां पाठुंगळीस मारून घाट चढविला होता, वाटेंत पाऊस लागला, त्यानें आपली कांबळी तिच्या डोक्यावर घातली आणि स्वतः भिजत आला, अशी सविस्तर हकीगत तिनें सांगितली. बाप आमचा, पण ही गोष्ट आम्हीं वयाच्या साठीनंतर प्रथम ऐकली. त्या दिवशीं ती रडली नाहीं. आणि शेवटीं, कोणीं न सांगतां, स्वतःच म्हणाली, "आतां कुठला दादा, तो गेला." 

तेव्हांपासून आम्हीं उत्तर देण्याचें सोडलें आणि विचारण्यास आरंभ केला. तिचा रोग बरा झाला नाहीं. आमचें नांवहि तिला पुढें आठवेना. परंतु देवमातेचें जुनें लॅटिन गीत आरंभिलें कीं ती शेवटच्या शब्दापर्यंत बरोबर म्हणे. पाठांतर, सूर व जपमाळ ह्या गोष्टी मेंदूच्या फार खोल थरांत रुजलेल्या असतात, असें जाणते सांगतात. त्या वेळीं मात्र आम्हांस एवढेंच वाटलें कीं जिला आम्हीं खोलींत कोंडली होती, ती अजून तेथें आहे.

वृद्धांच्या आठवणी दहा ते तीस ह्या वयांतील काळाभोंवतीं अधिक दाट असतात, हें पुष्कळ अभ्यासांत आढळलें आहे. फ्रान्समधील सिस्टर आंद्रे ही धर्मभगिनी १९०४ सालीं जन्मली आणि २०२३ च्या जानेवारींत, ११८ वर्षांची होऊन, वारली. २०२१ सालीं तिला करोना झाला होता, त्यांतूनहि ती उठली. ती आंधळी होती, चाकाच्या खुर्चींत बसून असे. आयुष्यांतील सर्वांत सुखाचा क्षण कोणता असें वार्ताहरांनीं विचारलें, तेव्हां तिनें सांगितलें कीं पहिल्या महायुद्धाहून आपले दोघे भाऊ जिवंत परत आले तो. शंभर वर्षांपूर्वींची गोष्ट! तिकडेहि दादाच.

व्यवहाराच्या दोनतीन गोष्टी सांगितल्याशिवाय आम्हांस बसवणार नाहीं. म्हातारें माणूस एकदोन दिवसांत एकाएकीं भ्रमिष्टासारखें बोलूं लागलें, तर तें वय नव्हे. लघवीचा विकार, ताप, शरीरांतील पाणी कमी होणें, किंवा एखादें औषध, ह्यांपैकीं कांहीं तरी असतें, आणि तें बहुधा बरें होण्यासारखें असतें. येथून कोल्हापूर पन्नास-पंचावन्न किलोमीटर आहे हें खरें, पण तेवढें जावें. हळूहळू होणाऱ्या विसरण्यामागेंहि कधीं बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा थायरॉइडचा दोष निघतो. रक्ताच्या साध्या तपासणींत तो कळतो. आणि कान! जगांतील तज्ज्ञांच्या एका मंडळानें २०२४ सालीं स्मृतिभ्रंश वाढविणाऱ्या ज्या चौदा गोष्टी सांगितल्या, त्यांत बहिरेपण, मंद दृष्टि, रक्तदाब, मधुमेह आणि एकटेपणा हीं आहेत. ह्या सर्वांचा बंदोबस्त झाला तर जवळजवळ निम्मे रोगी टळतील किंवा त्यांचा रोग लांबेल असा त्यांचा हिशेब आहे. आपल्याकडे डोळ्यांस चष्मा लावणें मानाचें, आणि कानास यंत्र लावणें मात्र लाजेचें! ज्याला ऐकूं येत नाहीं तो बोलणें टाकतो. बोलणें टाकलें कीं लोक त्यास टाकतात. आणि मग आपण म्हणतों, म्हातारा भ्रमला.

आमच्या ह्या भागांत पावसाळ्याचे चार महिने कसे जातात तें तुम्हांस सांगावयास नको. पावसाची झड, दिवसा दिवे, शेजारच्या घराचें छप्पर दिसत नाहीं. मुलें कोल्हापुरास, पुण्यास, मुंबईस. अशा घरांत एकटें म्हातारें माणूस जूनपासून सप्टेंबरपर्यंत किती शब्द बोलत असेल? बेन सिराकाच्या पुस्तकांत मुलाला उपदेश आहे कीं बापाचें म्हातारपणीं साह्य कर, आणि त्याची बुद्धि गेली तरी त्याला सांभाळून घे. तूं भर शक्तींत आहेस म्हणून त्याचा अपमान करूं नको. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं हें लिहिणाराला आमची आंतली खोली दिसली होती कीं काय, असें आम्हांस वाटतें.

आमचा वेळ संपला आहे, असें फादर खुणेनें सुचवीत आहेत. त्यांस आमची एक विनंति. कालच्या त्या आजीबाई पहिल्या रांगेंत, डावीकडून तिसऱ्या, बसल्या आहेत. घाटांतून मोटार येण्यापूर्वींचें हें गांव कसें होतें तें आपणांस आईकडून ऐकून ठाऊक आहे, असें त्या सकाळीं म्हणाल्या. वरच्या वर्गांतील दोन मुली वही घेऊन त्यांच्याजवळ बसल्या आहेत. हा ध्वनिवर्धक आतां त्यांच्या हातीं द्यावा. त्यांच्या नातीनें आम्हांस बजावून ठेवलें आहे कीं आजीस बोलावयास पाऊण तास लागेल, आणि त्यांतली अर्धी गोष्ट ती दोनदां सांगेल. त्याला आमची कांहीं हरकत नाहीं. जेवणास थोडा उशीर होईल, एवढेंच.